तुतारीवाला दवाखाना

खेमराज बोपचे दिसायला अगदीच किरकोळ. बायकोच्या पाठीमागे उभा राहिला तर सापडणार नाही. पण देवानं एका हातानं काढलं ते दुसऱ्या हातानं दिलं म्हणतात, तसा त्याला गळा दिला होता. बोदलकशाच्या तलावाखालच्या गावांमध्ये तो आवाज न ओळखणारं माणूस मिळायचं नाही. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, पुढे एका हातात हँडल, दुसऱ्या हातात माइक, अशी त्याची स्वारी निघाली की धानाच्या बांधीत निंदणाऱ्या बाया कंबर सरळ करून ऐकत उभ्या राहायच्या.

दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, लागल्या की त्याचे दिवस. मंडईच्या रात्री नाटक असतंच, आणि नाटकाची दवंडी खेमराजनंच द्यायची. कोणती नटी येणार, कोणता विनोदी नट येणार, हे तो अशा थाटात सांगायचा की नटी प्रत्यक्ष आल्यावर लोकांना जरा कमीच वाटायची. बैलांच्या शर्यतीचा पट असला की कोणत्या जोडीला किती सेकंद लागले, ते निकालही तोच पुकारायचा. त्याची एक खास ढब होती. आकडा आला की आवाज चढवायचा, क्षणभर थांबायचं, आणि मोबाइलमध्ये भरून ठेवलेली तुतारी भोंग्यातून सोडायची. बक्षिसाचा आकडा असो की तिकिटाचा, तुतारी ठरलेली. पोरंटोरं त्या तुतारीसाठी ऑटोमागे धावायची.

आता असा माणूस गावात असला की लोक त्याला शहाणा समजतात. ज्याचा आवाज मोठा त्याचं डोकंही मोठं असणार, हा आपल्याकडचा जुना समज आहे, आणि त्यावर कितीतरी पुढारी जगले आहेत. खेमराजला लोक काहीबाही विचारायचे. तहसिलीत कोणत्या खिडकीवर जायचं, बियाणं कोणतं घ्यायचं, पोरीला कुठल्या शाळेत टाकायचं. त्याला ठाऊक असायचं ते तो सांगायचा, आणि ठाऊक नसायचं तेही सांगायचा. 'मले नाही माहीत' हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्याची बायको प्रेमिला तेवढी कधीकधी म्हणायची की तुम्ही भोंग्यातून बोलता की भोंगाच तुमच्या तोंडून बोलतो, ते एकदा ठरवा. तो हसायचा.

पोळा नुकताच होऊन गेला होता. मंडयांना अवकाश होता आणि भोंगे घराच्या पडवीत धूळ खात होते. अशात गोंदियाच्या एका संस्थेतली रश्मी नावाची मुलगी त्याला शोधत आली. शिकलेली, हसतमुख, कामाची घाई असलेली. तिच्या संस्थेनं बरीच खटपट करून एक माहिती गोळा केली होती. बाळंतपणाचं ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट होतं असे तीन खाजगी दवाखाने या भागातल्या लोकांना जवळचे. त्या तिन्हींत वर्षभरात काय काय झालं, कुठं कसं काम चालतं, हे लोकांना आधी कळलं तर ते डोळे उघडे ठेवून दवाखाना निवडतील, असा तिचा विचार. विचार सोन्यासारखा होता. कागद छापून वाटला तर खेड्यात कोण वाचणार, म्हणून तिनं खेमराजचा भोंगा निवडला. तेही बरोबरच.

चहाच्या टपरीवर तिनं त्याच्या हातात मजकूर दिला. टपरीवर पाचसहा माणसं बसलेली. खेमराजनं वाचायला घेतलं. 'शस्त्रक्रियोत्तर जंतुसंसर्गाचे प्रमाण, शेकडा चौदा.' दुसऱ्या दवाखान्यापुढे सहा, तिसऱ्यापुढे तीन. त्यानं ते वाक्य मनात दोनदा घोळवलं. शब्द वाचता येत होते, पण त्यांच्या आत शिरायला दार सापडत नव्हतं. रश्मीनं विचारलं, "खेमराजभाऊ, समजलं ना सगळं? काही अडलं तर विचारा."

तेवढ्यात टपरीवरचा एकजण म्हणाला, मॅडम, यायले काय इचारता, हे त आमचे मास्तर आहेत. सगळे हसले. खेमराजही हसला, मजकुराची घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "वीस वर्षांपासून हेच करून राहिलो, मॅडम. चिंता नका करू." विचारायला तेव्हा एवढासा श्वास लागला असता. तोही त्याच्याच्यानं खर्च झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून भोंगे गावोगाव फिरले. माताभगिनींनो म्हणून त्यानं सुरुवात करायची, दवाखान्याचं नाव घ्यायचं, मग ते अडचणीचं वाक्य एका दमात गिळून टाकायचं आणि आकड्यावर यायचं. आकडा त्याच्या ओळखीचा होता. तीनला त्यानं साध्या आवाजात उरकलं. सहाला आवाज जरा चढवला. आणि शेवटी "शेकडा... चौदाऽऽ" म्हणून थांबला, आणि तुतारी सोडली. कोणी सांगितलं नव्हतं, लिहिलेलं नव्हतं. हाताच्या सवयीनं बोट आपोआप गेलं. आठवडाभर सगळ्या गावांनी ती तुतारी ऐकली. जंतुसंसर्ग काय ते कोणाच्या कानात राहिलं नाही. चौदा राहिलं, आणि तुतारी राहिली. लोक त्या दवाखान्याला तुतारीवाला दवाखाना म्हणू लागले. त्या दवाखान्याचं खरं नाव इथं सांगण्यात काही हशील नाही.

खेमराजच्या घरामागच्या गल्लीत देवकाबाई मेश्राम राहायची. जात ढिवराची, घर तलावावर जगणारं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं जाळी विणून, मासे विकून गुड्डूला वाढवलं आणि त्याचं लग्न करून दिलं. सून दुर्गेश्वरी पहिलटकरीण होती. बाळ पोटात आडवं होतं आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की ऑपरेशनच करावं लागेल, तीन दवाखान्यांपैकी कुठंही जा, पण वेळेत जा. देवकाबाईला विचारायचं होतं की कुठं जाऊ. पण पांढऱ्या कोटापुढे तिची जीभ टाळ्याला चिकटायची. आपलं बोलणं ऐकून बाई हसतील, असं तिला वाटलं. ती मान हलवून घरी आली आणि संध्याकाळी खेमराजच्या पडवीत येऊन टेकली.

"तुले त ठाऊक आहे न, खेमराज. तूच त सांगून राहिला भोंग्यावर. कोण्या दवाखान्यात नेऊ पोरीले?"

खेमराज क्षणभरही थांबला नाही. "तुतारी वाजते न काकी, थोच दवाखाना. चौदा आहे त्याचा आकडा. बाकीचे त्याच्या पासंगालेही नाही पुरत."

देवकाबाईनं त्याच्याकडे देव्हाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि समाधानानं घरी गेली. दोन दिवसांनी खेमराजनं आपल्याच ऑटोतून त्यांना तिथं पोचवलं. भाडंही घेतलं नाही. परतताना त्याला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

मुलगी झाली. देवकाबाईनं गल्लीत गूळ वाटला आणि खेमराजच्या घरी ओंजळभर सुके झिंगे आणून दिले. लेकराला घरी आणलं तेव्हा सगळं ठीक होतं. पण आठवड्याच्या आत दुर्गेश्वरीला थंडी वाजून ताप भरला. टाक्यांची जागा लाल झाली, फुगली, आणि एका सकाळी लुगडं पुवानं ओलं झालं. पुन्हा दवाखाना, पुन्हा टाके उसवणं, साफ करणं, सलाइनच्या बाटल्या. पोरगी मरणाच्या दारातून परत आली, पण आली ती अर्धी होऊन. उठून बसायलाही तिला धरावं लागे. लेकरू शेजारणीच्या दुधावर आणि बाटलीवर वाढत होतं.

आता आपल्या गावांचं एक आहे. दुखणं आलं की त्याला बाप शोधायचा, आणि तो शक्यतो घरातलाच शोधायचा. दुर्गेश्वरीच्या तोंडाला चव नव्हती म्हणून देवकाबाईनं एके दिवशी तिला अंबाडीची भाजी दोन घास भरवली होती. हे कोणीतरी पाहिलं होतं. झालं. ओल्या बाळंतिणीला आंबट घातलं, टाके पिकणारच. हातपंपावर हीच चर्चा, किराण्याच्या दुकानात हीच चर्चा. दुर्गेश्वरीची आई येऊन गल्लीत उभी राहून नाही नाही ते बोलून गेली. गुड्डू आईला काही बोलला नाही, पण त्यानं बोलणंच सोडलं. ताट वाढलं की उचलून बाहेर नेऊन जेवायचा. देवकाबाईला स्वतःलाही ते पटलं होतं. तिनं आंबट सोडलं, सुनेला हातानं भरवणं सोडलं, आणि नातीला हात लावायच्या आधी ती सुनेच्या तोंडाकडे पाहू लागली, लावू की नको म्हणून.

खेमराजलाही वाईट वाटलं. हातपंपाशी कोणी अंबाडीची गोष्ट काढली की तोही मान हलवायचा आणि म्हणायचा, बाप्पा, काकीनं जरा समजून घ्यायले पायजे होतं.

मग दसऱ्याच्या आधी रश्मीचा फोन आला. दुसरी फेरी करायची होती. खेमराज गोंदियाला तिच्या कचेरीत गेला. या वेळी खोलीत दोघंच होते आणि टपरीवरचं कोणी नव्हतं. तिनं कागद पुढे केला. पुन्हा तेच वाक्य. त्याला का कोण जाणे दुर्गेश्वरीचं ओलं लुगडं आठवलं, आणि तो नकळत बोलून गेला, "मॅडम, ह्या जंतुसंसर्ग म्हणजे काय होय?"

रश्मीनं साधेपणानं सांगितलं. ऑपरेशन झालं की काही बायांच्या टाक्यांत घाण शिरते, पू होतो, ताप येतो. शंभर बायांमागे किती जणींना असं झालं, तो हा आकडा. जिथं हा आकडा कमी, तो दवाखाना या बाबतीत चांगला.

खेमराजनं कागदावरच्या चौदावर बोट ठेवलं. मग त्यानं हळूच विचारलं, "म्हणजे पटावानी? कमी शेकंदाची जोडी पयली?"

ती हसून म्हणाली, अगदी तसंच. तिला किती सोपं उदाहरण मिळालं म्हणून आनंद झाला. खेमराजच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. पटाच्या मचाणावर उभं राहून ज्यानं जन्मभर कमी सेकंदांवर तुतारी वाजवली, त्याला हे कळू नये? कळलं असतं. विचारलं असतं तर तिथंच टपरीवर, चहा संपायच्या आत कळलं असतं. त्यानं खाली मान घालून तिला सगळं सांगितलं. तुतारीचं सांगितलं, देवकाबाईचं सांगितलं. रश्मीचा चेहरा उतरत गेला. ती म्हणाली की चूक तिचीही आहे. हा मजकूर तिनं पाच साहेबांना दाखवला होता, पण गावातल्या एका बाईला दाखवला नव्हता. मग त्याला धीर द्यावा म्हणून म्हणाली, "दुसऱ्या दवाखान्यात नेलं असतं तरी हे झालं असतं, भाऊ. कमी जणींना होतं, पण तिथंही होतं. नक्की कोणीच सांगू शकत नाही."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं खेमराजनं ते वाक्य घट्ट धरलं. दोघांनी बसून मजकूर नव्यानं लिहिला, घरात बोलतो तसा. 'शंभर बायांचं आपरेशन झालं, त्यातल्या चौदा बायांच्या टाक्यात पू झाला. दुसऱ्या दवाखान्यात सहा बायांच्या. तिसऱ्यात तीन. पटात कमी शेकंदाची जोडी जिंकते, तसा ह्या आकडा जेथं कमी थो दवाखाना बेस. समजलं नाही त थांबवून इचारा.' शेवटचं वाक्य खेमराजचं होतं.

नवी दवंडी सुरू झाली. आणि गंमत अशी की लोक खरंच ऑटो थांबवून विचारू लागले. बाया दारात येऊन विचारायच्या, मंग मागच्या बारीले चौदाले तुतारी काऊन वाजवली होती? तो म्हणायचा, मशीन बिघडली होती. असं चारपाच गावांत म्हणाला. दर वेळी ते खोटं जिभेवर जास्त जड होत गेलं. स्वतःच्या गावात आला की देवकाबाईच्या गल्लीच्या तोंडाशी तो भोंगा बंद करायचा, खाली पाहत गल्ली पार करायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुरू करायचा. समोरून देवकाबाई आली की ऑटोत काहीतरी शोधत बसायचा. ती बिचारी त्याची वाट सोडून कडेला उभी राहायची. तिला वाटायचं, हाही आपलं तोंड पाहत नाही, अंबाडीमुळे.

हे त्याला कळायचं. आणि कळून तो गप्प राहायचा. लाज ही अशी चीज आहे की माणूस तिच्यापासून पळतो, आणि पळाल्याची आणखी एक लाज पाठीला बांधून घेतो. त्याचं जेवण कमी झालं. प्रेमिलानं दोनचार दिवस पाहिलं आणि मग भाकरी थापता थापता सरळ विचारलं, "तुमी काकीच्या गल्लीत भोंगा बंद काऊन करता?"

त्यानं आधी उडवून लावलं. मग सांगितलं. सांगून झाल्यावर घाईनं ती काडी पुढे केली, की मॅडम म्हणाल्या, दुसरीकडे नेलं असतं तरी झालं असतं.

प्रेमिलानं तव्यावरची भाकरी उलटली. "झालं असतं त झालं असतं. पण अंबाडीनं नोतं झालं, हे त तुमाले ठाऊक आहे न? मंग थे म्हातारी काऊन मरून राहिली रोज?"

भाकरी टाकून तो उठला आणि देवकाबाईच्या घरी गेला. गुड्डू दारात जाळं दुरुस्त करत होता. दुर्गेश्वरी आत बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. देवकाबाई कोपऱ्यात. खेमराजनं उभ्यानंच सांगितलं. मला तो शब्द समजला नव्हता, मी विचारलं नाही, मोठा आकडा चांगला असं मीच ठरवलं आणि काकीला सांगितलं. दवाखान्यातच टाक्यात घाण गेली असणार. अंबाडीचा काही संबंध नाही, डॉक्टरांना विचारलं तर तेही हेच सांगतील. बोलताना त्याची नजर जमिनीवरून वर आली नाही.

गुड्डूच्या हातातली सुई थांबली. त्यानं खेमराजकडे पाहिलंच नाही. आईकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. आईला वाळीत टाकून बाहेर ओट्यावर जेवलेले सगळे दिवस त्याच्या तोंडावर दिसत होते. देवकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

बोलली ती दुर्गेश्वरी. तिचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द खणखणीत होते. "भाऊ, घरात सांगून काय होते? अंबाडीचं साऱ्या गावानं आयकलं. हे बी साऱ्या गावाले आयकू द्या. भोंग्यावर सांगा."

खेमराजला वाटलं, धरणी दुभंगावी. त्यानं गुड्डूकडे पाहिलं, तो मध्ये पडेल म्हणून. गुड्डू मध्ये पडला नाही. तेव्हा तो घरी गेला, ऑटो काढला आणि गल्लीच्या मधोमध आणून उभा केला. शेतावरून परतायची वेळ होती. भोंगा लागलेला पाहून लोक दारांत आले. बायांना वाटलं मंडईच्या नाटकाचं काही असेल. पोरं तुतारीसाठी जवळ सरकली.

त्यानं माइक धरला. माताभगिनींनो म्हणायला तोंड उघडलं आणि ते शब्द आलेच नाहीत. मग तो नुसता बोलला, घरात बोलतात तसा, आवाज न चढवता.

"मी खेमराज बोपचे. पोळ्याच्या नंतर म्या दवाखान्याची दवंडी देल्ली, थे मलेच समजली नोती. शंभरातल्या चौदा बायांच्या टाक्यात पू झाला होता, आन मी त्याच्यावर तुतारी वाजवली. मशीन बिघडली नोती. देवकाकाकीनं मले इचारलं, आन मी तिले तेथंच धाडलं. दुर्गेश्वरीचे टाके अंबाडीनं नाही पिकले. काकीची काही चूक नाही. मले समजलं नोतं, आन मी इचारलं नाही."

हातपंपाशी उभ्या असलेल्या दोघीतिघींनी घागरी उचलायच्या निमित्तानं माना खाली घातल्या. देवकाबाई घरातून बाहेर आली होती. ती सावकाश चालत ऑटोपर्यंत आली आणि त्याच्या अगदी जवळ उभी राहिली. शिव्या देईल, असं त्याला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं त्या प्रसादासारख्या घेतल्या असत्या. पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"मी अंगठाछाप बाई," ती म्हणाली. "मले डॉक्टरीणबाईले इचाराची लाज वाटली, म्हणून मी तुले इचारलं. तुले कायची लाज वाटली, खेमराज?"

माइक बंद करायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. तिचा प्रश्न दोन्ही भोंग्यांतून गल्लीभर गेला, गल्लीपलीकडे तलावाच्या पाळीपर्यंत गेला. लोक दारांत उभे होते, त्याच्या उत्तराची वाट पाहत होते. खेमराजनं माइक तोंडाशी नेला, आणि तसाच धरून उभा राहिला.